शिलंगणाच्या माळावरची ग्रामसभा

आमच्या पंचायतीच्या भिंतीवर निळ्या अक्षरात लिहिलंय, गावाचा कारभार गावानंच करायचा. लिहिणारा पेंटर युसूफ वडगावहून आला, लिहून गेला. त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नाही की दसरा झाला की आमचं अर्धं गाव ट्रकात बसतं आणि पाडव्याच्या आसपास परततं. मधले पाच-सहा महिने आम्ही ऊस तोडतो, कधी कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात. मग कारभार करणारं गाव कोणतं? मागं उरलेलं.

ग्रामसभा म्हणजे सगळ्या मतदारांची सभा. पंधरा ऑगस्टची झेंड्यात आणि भाषणात जायची, दोन ऑक्टोबरची सोयाबीनच्या काढणीत. कामाचे ठराव सगळे सव्वीस जानेवारीसाठी राखून ठेवलेले. त्या दिवशी आम्ही उसाच्या फडात मोळ्या बांधत असायचो. सभेला शंभर माणसं लागतात. ती जमली नाहीत की सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभा पुन्हा भरवली की तिला माणसांची अट नाही. मग सरपंच, त्यांचे चार भाऊबंद आणि चहाची किटली एवढ्यावर गावाचा निकाल. पाडव्याला गाडीतून उतरलो की आम्हाला कळायचं, आम्ही काय ठरवलंय ते.

असंच एका वर्षी सभागृहाचं ठरलं. गावात पंचायतीचं नवं सभागृह बांधलं होतं, चांगलं फरशीचं, दोन बाजूंना खिडक्या, मागं मोरी आणि नळ. आम्ही गेलो तेव्हा ते सगळ्या गावाचं होतं. आलो तेव्हा त्यात सरपंचांच्या घरच्या सोयाबीनची पोती छतापर्यंत रचलेली होती आणि दाराला हे एवढं कुलूप. विचारलं तर म्हणे ठराव झालाय, शेतकऱ्यांचा माल ठेवायला जागा. गावात शेतकऱ्याचं तेवढं एकच घर होतं जणू.

मी तेव्हा पंचायतीची सदस्य होते. आमच्या वॉर्डात बाईची जागा सुटली, आणि ओढ्यापलीकडच्या आमच्या वस्तीवर सातवी पास बाई मी एकटीच, म्हणून माझा फॉर्म भरला. निवडून आले म्हणून हातातला कोयता काही सुटला नाही. तोंडाला कुलूप मात्र मला कधीच नव्हतं. ते सासूबाईंनी लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी साऱ्या वस्तीला सांगून टाकलं होतं.

आता माझ्या लेकीचं सांगते, कारण ही सगळी उठाठेव तिच्यापायी होती. ती तेव्हा चौथीत होती. वर्गात पहिली, हे मी आई म्हणून सांगत नाही, बाईंनीच सांगितलं होतं. पण दसरा झाला की ती आमच्याबरोबर फडावर. पाचटाच्या झोपडीत, कोपीत, धाकट्याला सांभाळायची, पाणी आणायची. तिची एक सवय होती. निघायच्या आधी ती वहीत मधली तीस-चाळीस पानं कोरी सोडायची, कोपरा मुडपून ठेवायची, आणि म्हणायची, आल्यावर मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेईन. पाडव्यानंतर त्या कोऱ्या पानांच्या पुढं लिहायला लागायची. उतरवणं कधीच व्हायचं नाही. दुसरीची वही तशी, तिसरीचीही तशी. वरून भरलेली, मधे पोकळ. एकदा मी त्या वह्या चाळत बसले आणि मला माझाच इतका राग आला की त्या दिवशीच्या भाकरी सगळ्या करपल्या.

त्या वर्षी शाळेच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी सरकारचं हंगामी वसतिगृह असतं. आईबाप गेले की लेकरं गावातच राहायची, दोन वेळचं जेवण, सकाळ-संध्याकाळ अभ्यास. बाईंनी कागद केले होते, लेकरांची यादी केली होती, वरून होकारही आला होता. अडलं होतं जागेवर. शाळेच्या खोल्या दोन, त्यांचीही कौलं उडालेली. बाई म्हणाल्या, "सभागृह मिळालं तर उद्या सुरू करते. पण ग्रामसभेचा ठराव पाहिजे, आणि तोही लेकरं जायच्या आधी. एकदा ती गाडीत बसली की संपलं."

घरी येऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "सरपंचाची पोती काढणार कोण? तू?"

म्हणलं, "व्हय, मी."

मासिक सभेत मी विषय काढला. आमचे सरपंच माणूस गोड. कधी आवाज चढवणार नाहीत, कुणाला नाही म्हणणार नाहीत, आणि कुणाचं काम होऊही देणार नाहीत. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. आबा म्हणाले, "घेऊ की ग्रामसभा. सव्वीस जानेवारी हायच."

"आबा, सव्वीस जानेवारीला आमी गावात नसतो. लेकरंबी नसत्यात."

"मग कवा घ्यायची म्हणती?"

"गाड्या जायच्या आधी."

आबांनी मिशीवरून बोट फिरवलं. सोयाबीन चालू होतं, कुणाला मान वर करायला वेळ नव्हता, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गाड्या निघणार होत्या. "मग दसऱ्यालाच घे," ते हसून म्हणाले. "सणाच्या दिवशी किती जमत्यात बघू." शेजारचे दोघं-तिघं हसले. मला डाव कळला. सणाच्या दिवशी पुरणपोळी सोडून सभेला कोण येणार? शंभर जमणार नाहीत, सभा तहकूब होणार, आणि तहकूब सभा भरेल तेव्हा आम्ही गेलेलो असणार.

पण आबा एक गोष्ट विसरले, किंवा मला तेव्हा तसं वाटलं. दसऱ्याला दुपार कलली की आमचं सगळं गाव एका जागी जमतं. देवीची पालखी निघते, वाजतगाजत गावाबाहेरच्या माळावर जाते, तिथं आपट्याचं जुनं झाड आहे. त्याची पूजा होते, पानं लुटतात, एकमेकांना सोनं देतात. याला आमच्याकडं शिलंगण म्हणतात. मी तिथल्या तिथं म्हणलं, "चालंल. सभा शिलंगणाच्या माळावर घ्या. गाव तितं असतंच."

ग्रामसेवक म्हणजे अंबाजोगाईकडचा तरुण माणूस, नियमाबाहेर एक रेघ ओढायला भिणारा. त्यानं आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "लिहा. बाई म्हणत्यात तसं लिहा." त्यानं नोटिशीत लिहिलं, गावच्या शिवेलगत आपट्याजवळ, दुपारी चार वाजता. सात दिवस आधी नोटीस भिंतीवर लागली, त्या निळ्या अक्षरांच्या बरोबर खाली. मी घरी येताना इतकी खूश होते की वाटेत दोघींना उगाच मिठ्या मारल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते मला त्या वेळी आठवायला हवं होतं.

सात दिवस मी दारोदार फिरले. गडी माणसं माळावर येणारच होती. प्रश्न बायांचा होता. आमच्याकडं शिलंगणाला गडी जातात, बाया घरी थांबतात आणि ते सोनं घेऊन आले की ओवाळतात. माझ्या सासूबाईच म्हणाल्या, "बाया कवा शिलंगणाला गेल्यात का? तुजं आपलं काहीतरीच."

"आत्याबाई, कोयता हाणायला बाया लागत्यात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकात चढायला बाया लागत्यात. मग शिलंगणालाच कावून नगं?"

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या वस्तीवर गेले तर तिथल्या बाया म्हणाल्या, तुझी सासू सकाळीच येऊन गेली, माळावर या म्हणून सांगून गेली. मला हसू आलं.

दसऱ्याला पालखी निघाली तेव्हा मागं बायांचीच रांग मोठी होती. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, कडेवर लेकरं घेतलेल्या सुना, काठी टेकत आलेल्या आमच्या आत्याबाई. हलगीवाल्यांनी तर असा जोर धरला की बास. रस्त्याकडेला ट्रक उभेच होते, त्यांत आधीच भांडीकुंडी आणि कोपीचे बांबू चढवलेले. आमची पोरगी माझ्या पुढं पुढं चालली होती. तिला सभेचं सगळं माहीत होतं, पण ती त्यावर एक शब्द बोलली नव्हती.

आपट्याची पूजा झाली, पानं लुटली. मग ग्रामसेवकानं आपली मोटारसायकल झाडाखाली उभी केली आणि सीटवर रजिस्टर ठेवलं. टेबल तेच. लोक सह्या करायला रांगेनं आले. मी बाजूला उभी राहून मनातल्या मनात मोजत होते. साठ झाले, ऐंशी झाले. शंभरावा अंगठा एका म्हातारीचा होता, तिनं शाई पदराला पुसली आणि विचारलं, "झालं का गं?" म्हणलं, झालं मावशे. तरी मागं रांग होतीच. माझी छाती अशी फुगली होती की चोळीची शिवण उसवते की काय.

तेवढ्यात आबा उठले. हातात आपट्याची पानं, तोंडावर तेच हसू. "साहेब, एक इचारू का? आपण सगळे बसलो हाव ही जमीन कोणाची?"

ग्रामसेवक म्हणाला, "माळ आहे ना, गावचा."

"गावचा खरा, पण कोणच्या गावचा?" आबा म्हणाले. "शिलंगण म्हंजी शीव वलांडायची. आपली शीव मागं राह्यली. हा आपटा शेजारच्या गावच्या हद्दीत हाय. दुसऱ्याच्या गावात बसून आपल्या गावची ग्रामसभा चालंल का? मी आपलं नियमाचं इचारतो."

ग्रामसेवकाचा पेन थांबला. त्याचा चेहराच सांगत होता की चालणार नाही. तो हळूच म्हणाला, "सभा हद्दीतच पाहिजे. उद्या कुणी वर तक्रार केली तर ठराव रद्द होईल."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, माझ्या पायाखाली तर ती आपली नव्हतीच. पिढ्यानपिढ्या दर दसऱ्याला आमची माणसं इथं येत होती. हा माळ आमचा नाही हे कुणाच्या मनात कधी आलंच नव्हतं. पूर्वजांनी शीव ओलांडायची म्हणून मुद्दाम पलीकडचं झाड धरलं, आणि मी सगळ्या गावाला वाजतगाजत त्याच झाडाखाली सभेला आणून बसवलं. जागा कुणी सुचवली, तर मी. आबांना हे त्या दिवशी मासिक सभेतच माहीत होतं का? मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. पण "लिहा" म्हणताना त्यांना घाई झाली होती, हे मला आता आठवतं.

"आज तहकूब करू," आबा म्हणाले. "पुढल्या आठवड्यात निवांत घेऊ." माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मागच्या बाजूला दोघं-चौघं उठून कपडे झटकायलाही लागले होते. मी लेकीकडं पाहिलं. ती खाली बघून आपट्याची पानं एकावर एक ठेवत होती. मला रडू आलं असतं, पण रागानं ते येऊ दिलं नाही.

तेव्हा एक खोकला ऐकू आला. आमच्या गावचे म्हातारे कोतवाल. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण पूर्वी मोजणीला कुणीही साहेब आला तरी साखळी धरायला तेच असायचे. ते काठी टेकत आबांसमोर आले. "आबा, शीव मागं राह्यली म्हणताव, ते खरं हाय. पर किती मागं राह्यली, ते मला इचारा."

ते वळले आणि गावाच्या बाजूला चालायला लागले. कुणाला काही कळेना. पन्नासेक पावलांवर एक बाभूळ होती, तिच्या बुडाशी त्यांनी काठीनं गवत बाजूला केलं. खाली दगड होता, अर्धा मातीत गेलेला, वरच्या अंगाला छिन्नीची खूण. कोतवाल मामा त्याच्यावर पाय ठेवून म्हणाले, "हा शिवेचा दगुड. ह्याच्या अलीकडं आपलं गाव. नोटिशीत काय लिव्हलंय वाचा जरा."

ग्रामसेवकानं खिशातून नोटीस काढली. गावच्या शिवेलगत आपट्याजवळ. तो दोनदा वाचून म्हणाला, "दगडाच्या अलीकडं घेतली तरी नोटिशीप्रमाणंच होईल. शिवेलगतच आहे. आपटाही जवळच आहे." मग त्याला त्याची भीती आठवली. "पण सह्या पुन्हा घ्याव्या लागतील. पहिल्यापासून."

मी काही विचार केला नाही. आवाज फुटला तो असा की पालखीचे भोई दचकले. "उठा समदी. दगडाच्या अलीकडं चला."

आणि गाव उठलं. मी ते कधी विसरणार नाही. म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून उठल्या, बायांनी लेकरं कडेवर घेतली, कुणी चपला हातात घेतल्या. हलगीवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुन्हा हलगी धरली. पालखीसुद्धा आली. ग्रामसेवक गाडी बंद ठेवून ढकलत आला, रजिस्टर काखेत. दगडापाशी कोतवाल मामा उभे राहून एकेकाला म्हणत होते, "आला का गावात? ये. आला का गावात?" आत्याबाई दगडापाशी थांबल्या, मागं वळून पाहिलं, आणि पुढं आल्या. त्यांना नंतर विचारलं तर म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदाच माझं शिलंगण झालं, वलांडून परत पण आले.

पलीकडं आपट्याखाली आबा आणि त्यांचे पाच-सहा जण तेवढे उरले. कोतवाल मामांनी हाक मारली, "आबा, तुमी आता दुसऱ्याच्या गावात हाव. आमच्या सभेत बोलायचं असंल तर अलीकडं या." माळ हसला. एरवी त्यांच्या पुढं मान वर न करणारे गडीसुद्धा पोट धरून हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "ये रे लवकर, पोळ्या गार होत्यात." ते आबांना नव्हतं, त्यांच्या भाच्याला होतं, पण चाललं दोघांनाही. आबा आले. हसतच आले, ते मान्य केलं पाहिजे.

सूर्य खाली गेला होता. घरोघर बाकीच्या बाया ओवाळायची ताटं घेऊन वाट बघत असतील, म्हणून मला धास्ती, आता एकेक सटकेल. पण एकही माणूस हललं नाही. पहिली सही माझी. मग रांग. या वेळी मी मोजलं नाही, ग्रामसेवकानंच शंभर झाल्यावर मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि त्याच्यापुढं अजून पानभर नावं झाली. दुसऱ्यांदा सही करताना त्या शंभराव्या म्हातारीनं विचारलं, "आता तरी झालं का?" म्हणलं, आता कुणाच्या बापालाही पुसता यायचं नाही.

ठराव मी वाचला. सभागृह दरवर्षी दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत ऊसतोड मजुरांच्या लेकरांच्या वसतिगृहाला द्यावं. ग्रामसेवक म्हणाला, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. शिवेच्या दगडापासून रस्त्यापर्यंत हातच हात. कोयत्यानं घट्टे पडलेले हात, त्यांत आपट्याची पानं. मी आबांकडं बघत होते. त्यांनी गर्दीवरून एक नजर फिरवली, आणि त्यांचाही हात वर गेला. राजकारणी माणसाला वारा कळतो, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "पोती आजच हलवतो. हेच सोनं घे." मी त्यांना आपट्याचं पान दिलं, पाया पडले, आणि किल्ली पदराला गाठ मारून बांधली.

दुसऱ्या दिवशी गाड्या निघायच्या आधी मी लेकीचं सामान सभागृहात नेऊन ठेवलं. फरशीवर अजून सोयाबीनचे दाणे पडलेले होते, बाईंनी खराटा हातात घेतला होता. दप्तर लावताना मी गणिताची वही उघडली, तर मधलं पान मुडपलेलं, आणि पुढं तीस-चाळीस पानं कोरी. मुकाट्यानं, आम्हा कुणाला न सांगता, तिनं ती आधीच सोडून ठेवली होती.

"हे कवा केलं गं?"

"नोटीस लागली तवा," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हणाली. "मला वाटलं, तुला जमायचं न्हाई."

ते ऐकून मला कुणीतरी थोबाडात मारल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी हसूही आलं. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या आयुष्यात आम्ही जे बोललो ते त्या आधी कधी झालंच नव्हतं. मी वही तिच्या हातात दिली. म्हणलं, "आता भर." आणि ट्रकात जाऊन बसले. मालक विचारत होते, रडतीस का. मी म्हणलं, डोळ्यात माती गेली.

तो हंगाम मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. फोन आला की पोरगी सांगायची, आज भात होता, आज बाईंनी फळ्यावर मला लिहायला लावलं. मी मोळ्या बांधताना ऐकायचे आणि जास्त जोरानं बांधायचे.

पाडव्याच्या आधी दोन दिवस आम्ही परतलो. गाडी रस्त्याला थांबली तर ती तिथंच उभी, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. तिला मिठी मारायच्या आधी मी दप्तरात हात घातला. गणिताची वही काढली. मुडपलेला कोपरा अजून तसाच होता. त्याच्यापुढचं पान भरलेलं. त्याच्यापुढचं भरलेलं. मी तिथं रस्त्यातच, डोक्यावर बोचकं तसंच ठेवून, एकेक पान उलटत गेले आणि कोरं पान शोधत राहिले. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलासुद्धा तिनं बारीक अक्षरात एक भागाकार करून ठेवला होता, खाली बाईंची लाल खूण.

ती म्हणाली, "आई, नवी वही लागंल. ही संपली."